गुरुजी ग्रुप सोडून गेले

सप्रेम नमस्कार ताई,

आमच्या गावच्या मराठी शाळेला यंदा शंभर वर्षं होतात. गाव गडहिंग्लज तालुक्यातलं, निम्मं मुंबई-पुण्याला. माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, ३१२ जणांचा. दिवाळीच्या सुट्टीत सोहळा आहे आणि स्मरणिकेचं काम माझ्याकडं आलंय. मी पुण्यात बँकेत नोकरी करते, वय ४३.

चार महिने झाले, अंक पुढं सरकत नाही. मुखपृष्ठ तीनदा ठरलं आणि तीनदा मोडलं. रोज शंभर मेसेज येतात, लेख एकही येत नाही. मुंबईचे एक काका पाच-पाच, सात-सात मिनिटांचे व्हॉइस मेसेज टाकतात, ते कुणीच ऐकत नाही. आमच्या गुरुजींनी (वय ७९) मात्र अकरा पानं लिहून दिली. मी ती टाईप करून तीन पानांवर आणली आणि लेख केवढे हवेत हे सगळ्यांना कळावं म्हणून लाल खुणांसकट पीडीएफ ग्रुपवर टाकली. कुणीतरी हसरे चेहरे टाकले. 'गुरुजींचीच वही तपासली' असंही एकानं लिहिलं. रात्री मला दिसलं, गुरुजी ग्रुपमधून बाहेर पडले होते. मी अ‍ॅडमिन, म्हणून मला कळलं. फोन उचलत नाहीत.

त्यांना परत कसं आणू? ग्रुप बाजूला ठेवून आम्ही चौघांनीच अंक काढावा का? आणि ग्रुपवर कुणी वेडंवाकडं लिहिलं तर केस अ‍ॅडमिनवर होते म्हणतात, ते खरं आहे का?

– एक माजी विद्यार्थिनी

प्रिय ताई,

आधी गुरुजी.

त्यांना ग्रुपमध्ये परत घेऊ नका. निदान आत्ता नको, आणि त्यांना न विचारता तर कधीच नको. येत्या रविवारी किंवा त्याच्या पुढच्या, पुण्याहून गावी जा. फोन उचलत नसतील तर गावातल्या कुणाकरवी 'येतेय' एवढा निरोप धाडा. समोर बसून माफी मागा. ग्रुपवर मात्र आजच दोन ओळी लिहा: गुरुजींचा लेख सगळ्यांसमोर तसा टाकणं ही माझी चूक होती, त्यावरची चर्चा इथं थांबवूया. चूक ३१२ लोकांपुढे झाली, तेव्हा तिची कबुलीही त्यांच्यापुढेच व्हायला हवी. गुरुजींशी जे बोलायचं ते फक्त गुरुजींशी बोला. आणि ते हसरे चेहरे ज्या मेसेजखाली आहेत तो, आणि वहीचा तो शेराही, काढून टाका. फार जुना झाला नसेल तर अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी काढता येतो.

तुमच्या मनात वाईट काही नव्हतं हे पत्रातून कळतं. म्हणून नेमकं काय घडलं ते नीट बघूया.

१९९० नंतरच्या काही वर्षांत मी परळच्या एका ग्रामस्थ मंडळाच्या स्मरणिकांचं काम केलं. लेख हातानं लिहिलेले यायचे. जुळणी झाली की छापखान्यातून प्रूफ यायचं, लांबलचक पट्टीसारखं. त्यावर मी लाल शाईनं खुणा करायचे आणि लेखकाच्या खोलीवर घेऊन जायचे. चहा व्हायचा, एखादं वाक्य तो सोडायचा नाही, एखादं मी. ती लाल शाई आम्ही दोघंच बघायचो. तेव्हा मला वाटे, ही आमची संपादकीय सभ्यता. आज कळतं की तिच्यातला मोठा वाटा कागदाचा होता. प्रूफ एकच असायचं आणि ते एका वेळी एकाच्याच हातात राहू शकत होतं. माझ्या हातात त्या वेळी तुमचा फोन असता तर मीही हीच चूक केली नसती असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

गुरुजींनी जन्मभर वह्या तपासल्या. ज्याचं चुकलं त्याची वही त्याच्याच हातात दिली असणार. त्यांचं लिहिणं मात्र त्यांच्या विद्यार्थ्यांपुढे उघडं पडलं.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप पूर्वी १०० माणसांचा असे. २०१६ मध्ये मर्यादा २५६ झाली, २०२२ मध्ये आधी ५१२ आणि मग १०२४. घरच्या माणसांच्या गप्पांसाठी केलेल्या जागेत आता ग्रामसभा भरते, पण बोलण्याची तऱ्हा घरचीच राहिली. ग्रामसभेत माईक असतो, अध्यक्ष असतो, एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात. इथे एकाला सांगायचं आणि तीनशेजणांना सांगायचं यात अंगठ्याच्या एका हालचालीचाही फरक नाही. हळू आवाजात बोलायची सोयच नाही. एवढ्या मोठ्या ग्रुपवर माणसाच्या लिखाणाबद्दल, पैशाबद्दल आणि न झालेल्या कामाबद्दल काही म्हणून लिहायचं नाही, एवढा एक नियम तुम्ही स्वतःपुरता करा. अशा वेळी फोन करावा.

गुरुजींच्या लेखाबद्दल आणखी एक सांगते, ते तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तुमच्या पत्राला जोडलेली त्यांची पानं मी वाचली. तुम्ही काढलेल्या आठ पानांपैकी पाच पानं ही नुसती नावांची यादी आहे: शाळेची नवी खोली बांधताना कुणाच्या घरून वासे आले, कुणी किती कौलं दिली, कोणत्या बाईनं पाटल्या मोडून पंचवीस रुपये दिले. तुम्हाला ती यादी कंटाळवाणी वाटली. मोबाईलवर वाचताना ती तशीच वाटणार, कारण पडद्यावर आपण बोटानं सरकवत वाचतो आणि यादी ही सरकवायचीच गोष्ट असते. पण स्मरणिका घरात राहते. त्या बाईंची नात अंक हातात घेईल तेव्हा पहिल्यांदा काय शोधेल? गुरुजींच्या आठवणी हव्या तर त्यांच्याशी बोलून आटोपशीर करा. यादी पूर्ण छापा, वेगळ्या पानांवर, चौकटीत. ती दुसरीकडे कुठं लिहून ठेवलेली असेल असं मला वाटत नाही.

आता मुखपृष्ठ. ते तीनदा ठरलं आणि तीनदा मोडलं, कारण ते कुठं लिहिलंच गेलं नाही. जुन्या मंडळांची प्रोसिडिंगची वही तुम्ही पाहिली असेल. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा पहिला विषय, मग ठराव, खाली सूचक आणि अनुमोदक. लहानपणी मला तो निव्वळ देखावा वाटे. पण सभेला न आलेला माणूस महिन्याभरानं ती वही उघडून काय ठरलं ते बघू शकायचा. तुमचा ग्रुप म्हणजे गावातला पार आहे. पारावर बसून गावाची खुशाली कळते, माणसं ओळखीत राहतात, मुंबईतल्या पोराला संध्याकाळी गाव भेटतं. पारावर दप्तर मात्र ठेवत नाहीत. सोमवारी ठरलेलं मुखपृष्ठ बुधवारी दोनशे मेसेजखाली जातं, आणि गुरुवारी फोन उघडणारा दुबईचा मुलगा विचारतो, 'फोटो कोणता घ्यायचा ठरलं?' त्यात त्याचा दोष नाही.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं: हो, काम चौघांनीच करा, पण ग्रुप बाजूला ठेवू नका. दप्तर वेगळं काढा आणि पार आहे तसा राहू द्या.

दप्तर म्हणजे गूगल डॉक्समध्ये एक फाईल. पहिल्या पानावर ठरलेल्या गोष्टी, तारखेसह. खाली लेखांची यादी, कुणाचा कोणता लेख, आला की नाही, कुणी वाचला. ही फाईल ग्रुपमधल्या सगळ्यांना वाचायला खुली ठेवा, बदलायला फक्त तुम्हा चौघांना. लेखांच्या फाइली निराळ्या, आणि त्यातला फेरफार सरळ न करता 'सुचवण्या'च्या पर्यायातून करा. म्हणजे मूळ वाक्य जाग्यावर राहतं, बदल शेजारी रंगीत दिसतो आणि लेखक तो घेतो किंवा नाकारतो. जुन्या आवृत्त्याही फाईलमध्येच जपलेल्या असतात, त्यामुळे 'फायनल', 'फायनल २', 'खरं फायनल' अशा पीडीएफ इकडून तिकडे पाठवायचं बंद होईल.

याचा खरा फायदा तांत्रिक सोयीपेक्षा मोठा आहे. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरनं पहिली विकी तयार केली. होनोलुलूच्या विमानतळावर 'विकी विकी' नावाची बस धावायची, हवाई भाषेत विकी म्हणजे चटकन, त्यावरून हे नाव. कुणीही यावं आणि पान बदलावं, अशी ती कल्पना. ऐकताना हा गोंधळाचा कारखाना वाटतो. पण त्याच कल्पनेवर २००१ मध्ये विकिपीडिया उभा राहिला, आणि १ मे २००३ पासून मराठी विकिपीडियाही आहे. तिथल्या प्रत्येक पानाला मागे दोन पानं जोडलेली असतात: एक इतिहासाचं, ज्यात कुणी कधी काय बदललं याची नोंद राहते, आणि एक चर्चेचं, जिथे वाद घालायचा. भांडणं तिथेही होतात, कडाक्याची होतात. पण केलेला बदल एका क्लिकनं मागे घेता येतो म्हणून कुणाचं काही कायमचं मोडत नाही, आणि वाद चर्चेच्या पानावर राहून लेख लेखाच्या जागी राहतो. तुमच्या ग्रुपवर लेख, वाद, वाढदिवस आणि शुभ सकाळ हे सगळं एकाच पट्टीवर येतं. लिहिलेलं दुरुस्त करायला पंधरा मिनिटं मिळतात, त्यानंतर फार तर ते काढून टाकता येतं. आणि तेवढ्यात तीनशेजणांनी ते वाचलेलं असतं. म्हणून तिथे माणसं लवकर दुखावतात.

दर रविवारी रात्री ग्रुपवर एकच मेसेज टाका: या आठवड्यात काय ठरलं, काय हवं, कुणाला विचारायचं. तो पिन करून ठेवा, तीस दिवसांपर्यंत वर राहतो. 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' हे बटण दाबू नका. चौघांना शांतता मिळेल, पण पारावरची माणसं उठून जातील आणि सोहळ्याला वर्गणी मागायची वेळ येईल तेव्हा समोर कुणी नसेल.

तुमच्या पत्रासोबत ग्रुपवर मुखपृष्ठासाठी घेतलेल्या मतदानाचा निकालही होता: ४१ मतं, त्यातली २९ रंगीत मुखपृष्ठाला. तुम्ही तो सगळ्यांचा कौल धरला. ३१२ मधल्या २७१ जणांनी काहीच म्हटलेलं नाही, आणि निळ्या खुणा म्हणजे होकार नव्हे. शिवाय ग्रुपवर कोण कुठं मत देतं ते इतरांना दिसतं. सरपंचांनी मत दिल्यावर त्यांच्या भावकीतली किती मुलं विरोधात बोट लावतील? मुखपृष्ठ तुम्ही चौघांनीच ठरवा आणि कारणासह सांगून टाका. लोक दोन दिवस कुरकुरतील.

आता त्या मुंबईच्या काकांकडे येते, कारण तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वांत मोलाचं सापडलं ते हेच. तुम्ही नमुन्यादाखल पाठवलेले त्यांचे दोन मेसेज मी शेवटपर्यंत ऐकले. सातवीत शाळा सुटली, मामाबरोबर मुंबईला आले, लालबागला एका खोलीत अठराजण, पाळीप्रमाणे झोपायचं. खानावळीत जेवण. मिल सुटल्यावर मंडळाच्या बैठकीत शाळेच्या फळ्यासाठी दोन-दोन रुपये गोळा केले, आणि तो फळा एसटीच्या टपावर बांधून गावाला कसा आणला. मग १९८२ चा संप. त्यानंतर ते टॅक्सी चालवायला लागले ते आजतागायत. बोलताना मध्ये गाडीचा हॉर्न वाजतो, ते थांबतात, 'सिग्नल सुटला, नंतर बोलतो' म्हणतात.

तुम्ही लिहिता, लेख एकही येत नाही. अहो, लेख रोज येतोय. तो बोलून येतोय, एवढंच. या माणसाला लिहायला सांगितलं असतं तर त्यानं 'आपल्याला जमत नाही' म्हणून विषय संपवला असता. कोऱ्या कागदाची त्याला भीती, मराठी टाईप करणं जमत नाही, पण बटण दाबून बोलता येतं म्हणून गिरणगावातला आपल्या गावाचा इतिहास पहिल्यांदा तुमच्यापर्यंत पोचला. जुन्या साधनांनी, म्हणजे लेख मागवा आणि पोस्टानं पाठवा या पद्धतीनं, हा माणूस माझ्या स्मरणिकांतून कायम सुटला असता. असे किती सुटले असतील याची मला आता रुखरुख लागते. गुरुजींना ज्या साधनानं बाहेर घालवलं त्याच साधनानं काकांना आत आणलं, दोन्ही एकाच ग्रुपवर, एकाच महिन्यात. ऐकणारं मात्र कुणी नव्हतं.

त्यांचे सगळे मेसेज आजच उतरवून घ्या, फोन बदलला की जाऊ शकतात. चौघांतल्या एकीनं ते ऐकून लिहून काढावेत. मराठीत बोलून टाईप करायची सोय गूगलनं २०१७ पासून दिली आहे, पण त्यांची गडहिंग्लजकडची बोली तिला पुरती कळेलच असं नाही. तेव्हा एका कानाला काकांचा आवाज लावून वाक्यं आपल्या तोंडानं म्हणायची आणि मग हातानं दुरुस्त करायची. त्यांचं 'आनी', 'न्हाई' पुसू नका. लिहून झालं की फोनवर त्यांना वाचून दाखवा. छापायची परवानगी विचारा, नाव कसं हवं तेही विचारा. लोकांना लेख मागण्याऐवजी इतरांनाही एकेक प्रश्न टाका: पाऊस गळायचा त्या खोलीत कुठं बसायचात? उत्तरं बोलून येऊ द्या.

ग्रुपमध्ये बायका किती आहेत ते मोजलंत का? तुम्ही पाठवलेल्या यादीत मला चौदा सापडल्या. मुलींनी शाळा शिकलीच नाही असं तर नव्हे. लग्न झालं, आडनाव बदललं, गाव बदललं, आणि ग्रुप वाढतो तो ज्याच्या फोनमध्ये ज्याचा नंबर आहे त्यावर. मुलग्यांचे नंबर एकमेकांकडे राहिले, मुलींचे राहिले नाहीत. त्यांची माहेरची नावं शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आहेत. मुख्याध्यापकांना विचारून दर वर्गातल्या दोघींची नावं काढा, त्यांच्या माहेरी विचारा, आणि त्या दोघींना बाकीच्या शोधायला सांगा. गावच्या यात्रेला बऱ्याचजणी येतातच. सगळ्यांना ग्रुपमध्ये घालायचा आग्रह नको, तीनशे अनोळखी पुरुषांना आपला नंबर दिसणं सगळ्यांना चालेल असं नाही. त्यांच्यासाठी वेगळा छोटा ग्रुप करा किंवा सरळ फोनवर बोला.

केसबद्दल: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की ग्रुपमधल्या दुसऱ्या सदस्यानं आक्षेपार्ह काही टाकलं तर निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून अ‍ॅडमिनवर गुन्हा लागत नाही, त्या कृत्यात त्याचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असल्याचं दिसावं लागतं. तेव्हा ती धास्ती सोडा.

छपाईच्या दोन गोष्टी सांगते, नाहीतर शेवटच्या आठवड्यात रडू येईल. तुम्ही मोबाईलवर टाईप करता ते युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या संकेतात असतं. तालुक्याच्या गावचा डीटीपीवाला अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमध्ये पानं लावत असेल, तर मजकूर बदलून घेताना जोडाक्षरं फुटतात. 'दऱ्या', 'सुऱ्या', 'तऱ्हा' हे शब्द हमखास बघा. आधीच त्याला विचारा, युनिकोडमध्ये पानं लावतोस का. लावत नसेल तर रूपांतरानंतरचं प्रूफ कागदावर काढून दोघींनी वाचायचं, एकीनं मोठ्यानं आणि दुसरीनं मुळाशी ताडून. पडद्यावर वाचू नका. आणि फोटो: व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो. पडद्यावर छान दिसतो, पण छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, तिथे तो धुरकट होतो. लोकांना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ईमेलनं. जुना कागदी फोटो असेल तर मोबाईलनं त्याचा फोटो काढू नका, स्कॅन करून घ्या.

गुरुजींकडे जाताना लेखाची नवी प्रत न्या. अकराच्या अकरा पानं, मोठ्या अक्षरात, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून, एकाच बाजूला छापलेली. त्यांना गूगल डॉक्स शिकवायला बसू नका, त्यांच्यासाठी कागद हेच साधन आहे आणि ते आपल्या साधनापेक्षा कुठं कमी नाही. लाल पेन पिशवीत ठेवूच नका. एक शिसपेन्सिल आणि खोडरबर न्या, दोन्ही त्यांच्यासमोर ठेवा, आणि म्हणा, 'गुरुजी, कुठं आखडायचं ते तुम्हीच खुणा करा, मी टाईप करते.' यादीबद्दल मात्र काही विचारू नका. ती पूर्ण छापणार आहे, असं सांगून टाका.